दहावा पत्ता

या सदरात येणारे अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलो. वळणावर थांबलेली बाई, उलटी पावलं, पिंपळाखालचा म्हातारा... मनीषाला, म्हणजे बायकोला, मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून लिहिणाऱ्याची यथेच्छ टिंगल करायचो. अठरा वर्षं मी ऑफिसांमधली नेटवर्क्स सांभाळतोय. आमच्या धंद्यात "आपोआप झालं" असं कोणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. आपोआप काही होत नसतं हो. कोणीतरी वायर उपटलेली असते, कोणीतरी सेटिंग बदललेलं असतं, आणि विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर — "मी नाही हात लावला." त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय हे बघून मनीषा दारात उभी राहून हसतेय. हसू दे.

जागा नीट सांगतो. मुलुंड पश्चिम, पाच रस्त्यापासून चालत सात मिनिटांवर आमची जुनी चार मजली सोसायटी. दुसरा मजला. घरात मी, मनीषा, अकरावीतली मुलगी रिया आणि आई. आई शहात्तर वर्षांची, माहेर-सासर दोन्ही कणकवलीकडचं. मुंबईत येऊन पन्नास वर्षं झाली तरी बोलणं अजून मालवणीच. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडमध्येच एका वर्कशॉपला फिटर म्हणून लागले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

ते गेल्यापासून गेल्या वर्षापर्यंत आईने एक गोष्ट कधी चुकवली नाही. दुपारी जेवायला बसण्याआधी एका छोट्या ताटलीत ती बाबांचं पान काढायची — घासभर भात, त्यावर जे काय कालवण असेल ते, कडेला भाजी. ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीत. मग कावळा खाओ की चिमणी. पितृपक्षात आमच्याकडे सगळेच करतात, आईचं मात्र बारा महिने चालू. खिडकी उंच, म्हणून ती स्टुलावर चढायची. गेल्या वर्षी त्याच स्टुलावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला.

हॉस्पिटलातून घरी आणलं त्याच दिवशी मी तिच्यावर ओरडलो. काळजीनेच ओरडलो, पण ओरडलो. "आजपासून ते पान-बिन बंद! खिडकीकडे फिरकायचं नाही." आई काहीच बोलली नाही. आई गप्प बसली की तिला पटलं असं मी समजतो. हा माझा लहानपणापासूनचा गैरसमज आहे.

आता खरी अडचण. सकाळी नंदाताई येतात, स्वयंपाक करतात, आईची आंघोळ उरकतात, तिचं ताट वाढून खुर्चीजवळ झाकून ठेवतात आणि साडेबाराला जातात. मनीषा शाळेत शिकवते, ती चारला येते. रिया त्याहून उशिरा. माझं ऑफिस अंधेरीला, म्हणजे मी हिशेबातच नाही. साडेबारा ते चार आई एकटी. दिवसभराच्या दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीला आईने टीव्ही मोठ्याने लावते म्हणून घालवलं, दुसरीला "माका ल्हान पोर समाजता" म्हणून.

माझा भाऊ, दादा, बोरिवलीला असतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमच्या घरात दादा म्हणजे हायकोर्ट. तो आला, पंख्याखाली बसला आणि निकाल देऊन टाकला. "आई दुपारची एकटी असते. परत पडली तर काय करणार तुम्ही? बदलापूरच्या पुढे एक चांगलं सेंटर आहे, नर्सेस असतात. मी खोली बघून आलोय. एक तारखेला नेऊ."

"माका खंय जावचा नाय," आई म्हणाली. "ह्या घरात ह्येंनी जीव सोडल्यानी, मी पण हयसरच."

"आई, हट्ट करू नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. मी म्हटलं, "दादा, मी कॅमेरा लावतो. समोरच ठेवतो तिच्या. आम्ही सगळे फोनवर बघू, काही झालंच तर शेजारच्यांकडे चावी आहे."

दादा विचार करून म्हणाला, "लाव. पण मला माझ्या फोनवर दिसला पाहिजे. आणि आठवड्यात सलग सहा दिवस, साडेबारा ते चार, एकदाही बंद पडता कामा नये. पडला तर एक तारीख पक्की." एक तारखेला तीन आठवडेही नव्हते.

कॅमेरा लावणं हा माझ्या डाव्या हातचा मळ! ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरातला राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. घरातल्या प्रत्येक वस्तूला — मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही — तो एक पत्ता देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. शेवटचा आकडा तेवढा प्रत्येकाचा वेगळा, फ्लॅट नंबर असतो तसा. एरवी वॉचमन जो नंबर रिकामा दिसेल तो देऊन टाकतो, आज हा, उद्या तो. मोबाईलला त्याने काही फरक पडत नाही. पण दादा बोरिवलीहून कॅमेरा बघणार, म्हणजे तो बाहेरचा पाहुणा. त्याला रोज त्याच दारात सोडायचं तर कॅमेऱ्याचा नंबर कायमचा पक्का हवा. हाच तो स्टॅटिक आयपी. मी कॅमेऱ्याला सोळा नंबर दिला.

आणि सोमवारी पहिल्याच दिवशी शेण खाल्लं. एक वीसला दादाचा फोन. "संदेश, पिक्चर गेलं."

ऑफिसातूनच घरचा राउटर उघडून पाहिला. सोळा नंबरवर दोघांनी हक्क सांगितला होता. चूक माझीच, आणि तीही लाजिरवाणी — कॅमेऱ्यात नंबर घातला, पण राउटरला सांगितलंच नाही की हा नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नको. नवीन पोरांना मी याच चुकीवरून फैलावर घेतो. दुपारी दोनला दहा कमी असताना पिक्चर आपलं आपण परत आलं. ते "आपलं आपण" मला आवडलं नाही, पण कारण सापडलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन मी सगळं शिस्तीत लावलं. घरात एकूण नऊ वस्तू. नऊ वस्तूंना नऊ नंबर, अकरा ते एकोणीस, एकेक कायमचा बांधून टाकला. दहावा नंबर ठेवलाच नाही. नवीन कोणी आत यायला जागाच नको. मग सुवाच्य अक्षरात यादी लिहिली — मनीषा मोबाईल, रिया मोबाईल, प्रिंटर, आईचा टॅब, कॅमेरा सोळा — आणि हॉलमध्ये राउटरच्या वर भिंतीला चिकटवली. स्वतःवरच खूश होतो.

मंगळवार. एक वीस. "संदेश, गेलं."

आता मात्र मला वाटलं, सोसायटीतलं कोणीतरी आपलं वायफाय वापरतंय. पासवर्ड बदलला. रियावर उगाच संशय घेतला, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बुधवारी एक वीसला पुन्हा तेच. गुरुवारी सकाळी राउटरच बदलला, कोरा खोक्यातून काढला. एक वीस! दोनला दहा कमी असताना परत चालू. त्यावर घड्याळ लावावं इतकं नेमकं. राउटरची नोंद रोज एकच सांगत होती — सोळा नंबरवर आणखी कोणीतरी आहे. कोण, ते सांगत नव्हती. शुक्रवारी दादाने नुसतं एवढंच विचारलं, "एक तारीख लक्षात आहे ना?"

मी काय करतोय ते आईला कळत होतं. चिडून स्क्रूड्रायव्हर आपटला तेव्हा म्हणाली, "होऊ दे रे. नाय जमला तर जातंय मी." ते ऐकून मला रडायलाच आलं. अठरा वर्षं लोकांची मोठमोठी ऑफिसं सुरळीत चालवली आणि स्वतःच्या आईसाठी नऊ नंबर सांभाळता येईनात.

ऑफिसात माझ्या शेजारी गायकवाड बसतो. मूळचा नांदेडचा. देव, भूत, मुहूर्त, दृष्ट यातलं काहीही न मानणारा माणूस, नवीन गाडी घेतली तेव्हा साधा नारळ फोडला नाही. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "परब, तू बावळट झालायस. शनिवारी येतो."

शनिवारी तो बाराला हजर. त्याने घरातलं सगळं बंद करायला लावलं. मोबाईल, टीव्ही, प्रिंटर, टॅब. वायफायसुद्धा बंद. चालू फक्त राउटर, त्याला वायरने जोडलेला कॅमेरा आणि वायरनेच जोडलेला गायकवाडचा लॅपटॉप, त्याला माझ्याच लॅपटॉपचा नंबर दिला होता. मनीषा आणि रिया गंमत बघत सोफ्यावर. आई तिच्या खुर्चीत, नेहमीच्या वेळी ताट उघडून जेवायला बसलेली. बरोब्बर एक वीसला कॅमेऱ्याचं पिक्चर गेलं.

गायकवाडने काय केलं, तर कॅमेऱ्याची वायरच उपटली. "आता सोळा नंबरला कोणीच नाही. बरोबर?"

"बरोबर."

त्याने सोळा नंबरला पिंग मारलं. पिंग म्हणजे दारावर टकटक करून "आहे का कोणी?" विचारायचं. कोणी असेल तर उत्तर येतं, नसेल तर नाही.

उत्तर आलं. दर सेकंदाला एक, ओळीखाली ओळ. कॅमेऱ्याच्या वायरचं टोक गायकवाडच्या हातात लोंबत होतं, मी डोळ्यांनी बघत होतो. प्रत्येक वस्तूला कारखान्यातूनच एक बारा अक्षरी ओळख दिलेली असते. ती उत्तर देणाऱ्याची काढून पाहिली, तर बाराच्या बारा शून्यं.

"अशी वस्तू नसते," गायकवाड म्हणाला.

"नसते."

"मग बोलतंय कोण?"

गायकवाड स्क्रीनकडे बघत राहिला. दोनला दहा कमी झाले आणि उत्तरं थांबली. त्याने वायर परत लावली, पिक्चर आलं. जेवून जा म्हटलं तर "भूक नाही" म्हणाला आणि निघून गेला. गायकवाडला भूक नाही ही गोष्टच मुळात अमानवीय आहे.

रविवारी सकाळी मी सोफ्यावर हात-पाय गाळून बसलो होतो. आई वॉकर टेकत टेकत भिंतीपाशी गेली आणि माझी ती यादी वाचायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण कागद दिसला की वाचल्याशिवाय सोडत नाही.

"ह्या काय रे, झिला?"

"घरातल्या सगळ्यांची यादी आहे. ज्याचं नाव यात आहे त्यालाच आत जागा. बाकी कोणी आलं तर दारातूनच परत."

"सगळ्यांका जागा दिलंस?"

"हो."

"ह्या छापूच्या मशिनाक पण?"

"प्रिंटरलाही."

"आणि तुझ्या बापाशीक?"

ती माझ्यावर चिडली नव्हती. भाजी कुठे ठेवली विचारावं तितक्या साधेपणाने विचारत होती.

"पान तू बंद केलंस," ती म्हणाली. "हयसर पण जागा ठेवूक नाय. मगे ते बसतले खंय? सोळा कोणाचो?"

"कॅमेऱ्याचा. तुझ्या खुर्चीसमोर आहे तो."

"थंयच मगे. माझ्या समोरच बसतत ते. जागा गावना नाय म्हणान दुसऱ्याच्या पानार बसतत. रागावलेले नाय हत."

एरवी मी हसलो असतो. पण ती बारा शून्यं डोळ्यांसमोरून जात नव्हती. आणि गंमत अशी, की माझ्या धंद्याच्या दृष्टीनेही ती चुकीचं बोलत नव्हती. नऊ जागा आणि येणारे दहा, म्हणजे भांडण होणारच. त्यावरचा उपाय पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल — एक जागा वाढवा. मी मात्र सहा दिवस दहावा कोण, त्याला हाकलायचं कसं, यातच अडकलो होतो. त्याला आत घ्यावं असं एकदाही मनात आलं नाही.

उठलो, राउटर उघडला, नंबर एकोणीसला संपत होते ते वीसपर्यंत वाढवले. आधीचे नऊ बांधलेले, वीस नंबर मोकळा. आई तिथेच उभी. "कागदावर लिव," म्हणाली. मी यादीच्या खाली लिहिलं — बाबा, २०. लिहून होईपर्यंत ती हलली नाही. मग रियाचं जुनं अभ्यासाचं छोटं टेबल आणून मी आईच्या खुर्चीसमोर, कॅमेऱ्याच्या अलीकडे ठेवलं आणि तिला म्हटलं, "खिडकी नको. बाबांचं पान आजपासून इथे वाढ." इतके महिने ती ताटली बंद करून मी तिच्यापासून काय काढून घेतलं होतं, ते मला तेव्हा कुठे कळलं. आई एवढंच म्हणाली, "बरा."

सोमवारी दुपारी सव्वा वाजता अंधेरीला ऑफिसच्या कँटीनमध्ये मी आणि गायकवाड त्याच्या लॅपटॉपवर वाकून बसलो होतो. माझ्या फोनवर स्पीकर चालू करून दादा, तो बोरिवलीला आपल्या फोनवर बघत होता. पिक्चरमध्ये आई, समोर ते टेबल, टेबलावर नंदाताईंनी वाढलेली छोटी ताटली.

एक एकोणीस. एक वीस. पिक्चरवरून एक आडवी रेघ सरकन गेली. माझ्या तोंडून "गेलं!" निघालंच... आणि पिक्चर तसंच राहिलं. स्वच्छ. आई ताटावरचं झाकण काढत होती.

आठवडाभर आम्ही जो अर्धा तास कधी पाहिलाच नव्हता तो पहिल्यांदा दिसत होता. आईने वर पाहिलं. समोरच्या टेबलाकडे बघून म्हणाली, "इलास?"

कॅमेऱ्याला माइक आहे, आवाज स्पष्ट येत होता. गायकवाडने माझा दंड धरला.

"वालीची भाजी आसा आज. नंदान मीठ वायच जास्त घातल्यान," आई म्हणाली आणि जेवायला लागली. मध्येच गावच्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगितलं. मध्येच स्वतःशीच हसली. आई आणि कॅमेरा यांच्यामध्ये ते टेबल होतं आणि टेबलाशिवाय काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. कदाचित इतकी वर्षं ती त्या खिडकीतल्या ताटलीशी अशीच बोलत असेल. त्या वेळेला आमच्यापैकी घरी असतं कोण, की आम्हाला कळावं?

एक पन्नास. पिक्चर चालू. दोन वाजले. चालू! गायकवाडने टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्यांचं ताक सांडलं. "चाललं! परब, चाललं यार! झकास!" आम्ही दोघं टकल्या डोक्याचे बाप्ये एकमेकांना मिठ्या मारत होतो आणि अख्खं कँटीन बघत होतं. फोनवरून दादाचा आवाज आला, जरा घोगरा. "सहा दिवस म्हटलंय मी. पाच बाकी आहेत." आणि त्याने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी राउटरची नोंद उघडली. दुपारी एक वीसला वीस नंबर कोणीतरी घेतला होता. ओळख, बारा शून्यं. एक पन्नासला सोडला. मंगळवारी तेच. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तेच, मिनिटाचा फरक नाही. सोळा नंबरच्या वाटेला कोणी गेलं नाही. कॅमेऱ्याने पाच दिवसांत एकदाही डोळा मिटला नाही. यातलं दादाला मी काही सांगितलं नाही. कॅमेरा जिंकत होता, उगाच हायकोर्टासमोर नवीन पुरावा कशाला आणायचा?

शनिवारी, सहाव्या दिवशी, दादा न सांगता घरीच आला. एक वाजता. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं त्याला. आईसमोरच्या टेबलाशी खुर्ची ओढायला लागला तर आई म्हणाली, "थंय नको, हय बस माझ्या बाजूक." छप्पन वर्षांचा माझा भाऊ, सरकारी कचेरीत ज्याला बघून शिपाई उभे राहतात, निमूटपणे बाजूला जेवायला बसला.

दोनदा माझ्याकडे बघून शेवटी विचारलंच त्याने. "तू नक्की केलंस काय? आठवडाभर बंद पडत होता, आता एकदम कसा सुधारला?"

मग मला राहवेना. लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि नोंद दाखवली. सगळं सांगितलं, शून्यांसकट. मला वाटलं तो मला वेड्यात काढणार. तो ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवून वाचत होता. "एक वीस... एक पन्नास. एक वीस... एक पन्नास." तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"तुला आठवत नसेल," तो म्हणाला. "तू आधी लहान होतास, नंतर दुपारच्या शाळेत. बाबांच्या वर्कशॉपची जेवणाची सुट्टी सव्वाला व्हायची. पाच मिनिटांचा रस्ता. एक वीसला ते दारात. मी सकाळच्या शाळेतून आलेला असायचो, रोज त्यांच्याबरोबर जेवायचो. दोनच्या भोंग्याला पोचायचं म्हणून दहा मिनिटं आधी उठायचे... एक पन्नासला."

मी आयुष्यात हे पहिल्यांदा ऐकत होतो. दुपारचे बाबा मला आठवतात ते निवृत्तीनंतरचे, दिवसभर घरात असलेले. त्यांचं दुपारचं वेळापत्रक मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, मग मी ते कुठल्या राउटरला शिकवणार?

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा एक वीस झाले. आईने समोर बघून मान हलवली आणि म्हणाली, "आज थोरलो पण इलो हा जेवक."

दादाने ताटातला हात तसाच ठेवून डोळे मिटून घेतले. मनीषाने पदर तोंडाला लावला. मग दादा उठला, हात धुतला, खिशातून फोन काढून खिडकीशी गेला. त्याचं बोलणं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हां, परब बोलतोय. ती एक तारखेची खोली... नको आता. नाही हो, तब्येत उत्तम आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादाने वळून आईकडे पाहिलं. "दुपारी ना? नाही. एकटी नसते ती."

मी बाथरूममध्ये गेलो, दार लावलं आणि हवेत दोन्ही मुठी मारल्या. नंतर थोडा रडलोही. बाहेर आलो तर आई विचारत होती, भात कोणाला हवाय. दादाने दोनदा घेतला.

याला आता चार महिने झाले. आई वॉकर सोडून काठीवर आली आहे. कॅमेरा एकदाही बंद पडलेला नाही. तुमच्यातले जाणकार आता मला समजावतील, हे मला माहीत आहे. जुनी नोंद साचून राहिली असेल, कॅमेऱ्यातच बिघाड असेल, लॅपटॉपने चुकीचं दाखवलं असेल. मी ते सगळं तपासलंय. दोन राउटर, दोन लॅपटॉप, तीन वायरी. वायफाय बंद, वायर हातात, आणि तरी उत्तर येत होतं. शक्य असेल तर सांगा. खरंच सांगा.

गायकवाडची तक्रार मात्र वेगळीच आहे, आणि त्याचं बरोबर आहे. तो म्हणतो, "रविवारी तू दोन बदल एकदम केलेस. नंबर वाढवलास आणि ते पान सुरू केलंस. आता कशाने सुटलं ते कसं कळणार? एक बदल मागे घे, आठवडाभर बघ. बिघडलं तर तेच कारण." आमच्या कामाचा हा पहिला नियम आहे, मीच तो दुसऱ्यांना शिकवतो. मागच्या महिन्यात एकदा राउटर उघडून वीस नंबरच्या ओळीवर आलोही होतो. कर्सर लुकलुकत होता. मग उठून आईला चहा करून दिला. भीती वाटली म्हणून नाही. बाबांना पुन्हा दारातून परत पाठवायचं, तेही फक्त मला कारण कळावं म्हणून, हे मला जमलं नाही.

ऑफिसात एखादी तक्रार बंद करताना आम्हाला दोन रकाने भरावे लागतात, ते भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जाऊ देत नाही. अठरा वर्षांत मी एकही रिकामा सोडलेला नाही, तेव्हा ही तक्रारही रीतसर बंद करतो. कारण — माहीत नाही. सद्यस्थिती — आई मुलुंडलाच.